ढिलेसर काय म्हणाले होते

ढिलेसरांचं आडनाव ढिले नव्हतं आणि ते कुठल्या शाळेत सरही नव्हते. दिग्रसच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये ते फिटर होते. निवृत्त झाल्यावर त्याच जिनिंगच्या बंद पडलेल्या गोदामात, मालकाच्या परवानगीने, दर रविवारी सकाळी ते छर्ऱ्याची बंदूक चालवायला शिकवायचे. शिकवताना तोंडी सारखा एकच शब्द. "ढिली धर." "अजून ढिली." "ढिली म्हणलं तं ढिली." त्यावरून कुणीतरी नाव पाडलं आणि ते असं चिकटलं, की मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले तेव्हा शेजारच्या बाईंना "ढिलेसरांचं घर कोणतं" असंच विचारलं. त्यांनीही सरळ बोट दाखवलं. दारावरच्या पाटीवर भलतंच आडनाव होतं. मी दोनदा वाचलं आणि चुकीच्या घरी आले असं समजून परत फिरले. मग आतून "जय भीम, या या" असा त्यांचाच आवाज आला.

मी एसटीत वाहक आहे. दिग्रस-यवतमाळ, दिग्रस-पुसद या गाड्यांवर माझी ड्यूटी असते. माझी मुलगी ऋतुजा आठवीत असताना तिला नेमबाजीचं वेड लागलं, म्हणून मी तिला त्या गोदामात नेलं. तिसऱ्या रविवारी तिचं वेड उतरलं. चौथ्या रविवारी मी एकटीच, तेवढं सांगायला गेले. सर एका बंदुकीचे स्क्रू आवळत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "पोरगी नाई आली तं नाई आली. तुम्ही काहून उभ्या? धरा." आणि बंदूक माझ्या हातात दिली.

मी ती का घेतली, हे मला आजही नीट सांगता येत नाही. अडतीस वर्षांची बाई, आठवड्याची एक सुट्टी, घरी धुणं भिजत घातलेलं. तांड्यावरून माझ्याकडे राहायला आलेली माझी याडी, म्हणजे आई, तिला हे कळलं तेव्हा तिने आमच्या बोलीत एवढंच विचारलं, की त्या कागदाने तुझं काय खाल्लं, म्हणून तू त्याला मारतेस? मी धुणं पिळायला घेतलं.

पहिले दहा छर्रे मी मारले, त्यातले चार कागदाला लागले. ते सुद्धा चार कोपऱ्यांत. सर माझ्या नेमाकडे पाहतच नव्हते, माझ्या बोटांकडे पाहत होते. म्हणाले, "बाई, तुम्ही बंदूक धरून राह्यल्या का बसचा दांडा?"

बरोबर होतं त्यांचं. खड्ड्यांच्या रस्त्यावर उभं राहून तिकिटं फाडणाऱ्या माणसाचा हात पडायच्या आधी आवळतो. हातात जे येईल ते मी घट्ट धरायची. सरांनी मग बंदूक समजावून सांगितली. ही स्प्रिंगची बंदूक. नळी वाकवली की आतली स्प्रिंग दबते. घोडा ओढला की ती सुटते, तिच्या पुढचा दट्ट्या धावतो, हवा दाबली जाते आणि छर्रा निघतो. पण छर्रा नळीच्या बाहेर पडायच्या आधीच बंदूक एकदा मागे आणि एकदा पुढे उडी मारते. ती उडी कुणाला थांबवता येत नाही. घट्ट धरली तर दर वेळी वेगळी उडते, कारण माणसाचा जोर दर वेळी सारखा नसतो. म्हणून डाव्या हाताचा तळवा उघडा ठेवायचा, बंदूक त्यावर नुसती टेकवायची, दस्ता, म्हणजे मागचा लाकडी भाग, खांद्याला नुसता लागू द्यायचा. "तिले उडी मारू द्या," ते म्हणाले. "रोज सारखी मारली पाह्यजे, बस."

हे मला समजलं. पुढचं समजलं नाही. तळवा कुठे ठेवायचा, यावर सर दर रविवारी वेगळं सांगायचे. एकदा म्हणाले, घोड्याच्या अगदी पुढे. पुढच्या वेळी म्हणाले, तिथून चार बोटं पुढे. तिसऱ्या वेळी म्हणाले, "तिले जिथं बरं वाटते तिथं." मी म्हटलं, सर, मागच्या वेळी तुम्ही वेगळं म्हणाला होता. ते खरोखर आश्चर्याने म्हणाले, "मी असं म्हणलो?" मी एक वही केली. त्यात तारीख घालून त्यांची वाक्यं लिहू लागले आणि एके दिवशी दोन उलटी वाक्यं त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी चष्मा लावून ती शांतपणे वाचली, शुद्धलेखनाची एक चूक दाखवली आणि म्हणाले, दोन्ही बरोबर आहेत. आमच्यात एक तलाठी यायचे, तेही वही ठेवायचे. त्यांना मात्र सर सांगायचे, जरा दाबून धरा. आम्ही दोघं बाहेर चहा पिताना एकमेकांच्या वह्या पाहायचो आणि आपण एकाच माणसाकडे शिकतो की काय, अशी शंका आम्हाला यायची.

काही गोष्टींवर मात्र ते कधी बदलले नाहीत. पहिली गोष्ट स्क्रू. स्प्रिंगच्या धक्क्याने दस्त्याचे स्क्रू सैल होतात, आणि मग नेम का चुकतो ते माणसाला कळत नाही. कुणी हळहळायला लागलं की ते खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढायचे. "अगोदर स्क्रू पाह्य, मंग सोताले शिव्या दे." दुसरी गोष्ट छर्रे. ते काचेच्या तुकड्यावर एकेक छर्रा घरंगळवून पाहायचे. ज्याचा मागचा घेर चेपला असेल तो वाकडा जायचा. असे छर्रे ते बाजूला काढत आणि सरावालाही वापरू देत नसत. बंदूक रिकामी उडवलेली त्यांना अजिबात चालत नसे. आणि तिसरी गोष्ट तेल. नळीत तेलाचा थेंब गेला तर स्फोटासारखा आवाज होतो, धूर निघतो, छर्रा कुठेही जातो आणि स्प्रिंग खराब होते. एकदा एका नव्या माणसाने हौसेने घरून तेल पाजून बंदूक आणली होती. सरांनी ती त्याच्या हातातून घेतली, नळीचा वास घेतला, आणि त्या दिवशी त्याला फक्त बसून पाहायला लावलं.

छर्रा सुटल्यावर मी लगेच मान उचलून कागदाकडे पाहायची. ते त्यांना खपत नसे. आवाज थांबल्यावरही डोळा माशीवरच, म्हणजे नळीच्या टोकावरच्या त्या लहानशा खुंटावरच राहिला पाहिजे. "छर्रा गेला, तू कुठं चालली?" ते विचारायचे. तोवर मी ‘तुम्ही’ची ‘तू’ झाले होते. कधी ते मला डोळे मिटून मारायला लावायचे आणि विचारायचे, कसा वाटला आवाज? मला सगळे आवाज सारखेच वाटायचे. ते म्हणायचे, नाही, हा कोरडा होता. मी हो म्हणायची. सहा-सात महिन्यांनी एकदा त्यांनी विचारायच्या आधीच मी म्हणाले, कोरडा होता. त्यांनी स्वतःच्या डबीतला छर्रा काढून माझ्यासमोर ठेवला. त्यांची शाबासकी तेवढीच असायची.

ते भले होते की लबाड, हेही मला ठरवता आलं नाही. एक शेतकरी त्यांच्याकडे बंदूक दुरुस्तीला घेऊन आला. वानरं हरभरा खातात, त्यांना मारायचं होतं. सरांनी ती ठेवून घेतली आणि पुढच्या आठवड्यात परत दिली. माणूस खूश होऊन गेला. मी रागाने विचारलं, वानरांना मारायला तुम्ही बंदूक दुरुस्त करून दिली? तेव्हा त्यांनी सांगितलं, की दट्ट्याचा चामडी वॉशर त्यांनी झिजलेलाच ठेवला होता. आवाज पहिल्यापेक्षा मोठा, छर्रा मात्र दहा पावलांवर पडेल. महिन्याने तो शेतकरी हरभऱ्याचा ढाळा, ओल्या घाट्यांची जुडी, घेऊन आला. वानरं येईनाशी झाली म्हणे, एक नंबर काम केलं. सरांनी ढाळा घेतला. आम्हा सगळ्यांना वाटला. मी पण खाल्ला.

दीड वर्षात माझे पाच छर्रे पाच रुपयांच्या नाण्याखाली झाकले जाऊ लागले. सरांनी माझं नाव जिल्ह्याच्या स्पर्धेत दिलं. दुर्बीण वगैरे न लावता, उभं राहून मारायचं, महिलांचा खुला गट. त्यातून राज्याच्या स्पर्धेसाठी निवड होणार होती. मी हसण्यावारी नेत होते, पण खरं सांगायचं तर मला ती निवड फार हवी होती. नोकरी, घर, याडीची दुखणी यांच्यात माझं स्वतःचं म्हणता येईल असं ते एकच होतं.

स्पर्धा यवतमाळला, एका शाळेच्या सभागृहात होती. आदल्या रविवारी सरांनी नक्की करून दिलं होतं, की तळवा चार बोटं पुढे, आता बदलायचं नाही. मी सबंध आठवडा तसाच सराव केला. स्पर्धेच्या सकाळी ते माझ्याजवळ आले, मला "वंदना" म्हणाले आणि म्हणाले, "हात मागं घे. घोड्याजोळ. काहून इतका पुढं ठेवला?" वंदना त्यांची मुलगी, ढाणकीला दिलेली. नाव चुकलं असेल, गडबड आहे, असं मला वाटलं. पण सूचनेचं काय करावं कळेना. दीड वर्ष ते उलटसुलट सांगत आले होते आणि त्यातूनच मी इथवर आले होते. यातही काही असेल, असं समजून मी हात मागे घेतला.

पहिली फेरी वाया गेली. छर्रे कागदभर पसरले. दुसऱ्या फेरीला मी सरांकडे वळून पाहिलं. ते भिंतीशी खुर्चीवर बसून छताकडे पाहत होते. मग मी हात पुढे नेला, पण चार बोटं मोजली नाहीत, तो गेला तिथे ठेवला. गुडघे थोडे सैल सोडले, गाडीत उभी राहते तशी. पुढच्या तिन्ही फेऱ्या मी कशा मारल्या ते मला आठवत नाही. शेवटच्या फेरीला पंचांनी माझा कागद शेजारच्यांना दाखवला, एवढं आठवतं. तरी पहिल्या फेरीचं नुकसान भरून निघालं नाही. दोन जागा होत्या, मी तिसरी आले.

परतीच्या गाडीत मी खिडकीकडे तोंड करून बसले होते. मला त्यांचा राग आला होता आणि रागावण्याची लाजही वाटत होती. दारव्ह्याला गाडी थांबली. सरांनी शेंगदाणे घेतले, अर्धे माझ्या हातावर ठेवले आणि सहज विचारलं, "मंग, स्पर्धा कवा हाय आपली? आठ दिवस असन ना अजून? हात कुठं ठेवाचा ते एकदा ठरवून टाकू."

ते थट्टा करत असावेत म्हणून मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. ते वाट पाहत होते. मी म्हणाले, "हो सर, आठ दिवस आहेत."

घरी येऊन मी वही काढली आणि पहिल्या पानापासून वाचली. विसरण्याचा हा आजार कुठे सुरू झाला ते मला शोधायचं होतं. हे वाक्य शहाणपणाचं, हे विसरण्याचं, अशा खुणा करायला घेतल्या आणि दहाव्या पानावर पेन्सिल ठेवून दिली. सुरुवातीच्या पानांवरही तितकंच उलटसुलट होतं. दुसरा एखादा माणूस असता तर त्याचं विसरणं लवकर लक्षात आलं असतं. सरांचं आलं नाही, कारण आम्ही ते शिकवणं समजून लिहून घेत होतो. तलाठ्यांना फोन केला. ते म्हणाले, मला तर वाटायचं आपल्यालाच कळत नाही.

पुढच्या एका रविवारी सर तेलाची बाटली घेऊन बसले होते आणि नळीत थेंब सोडणार होते. तीच नळी, तेच हात. मी पुढे होऊन बाटली धरली. त्यांनीही ती सोडली नाही. आम्ही दोघं ती धरून क्षणभर तसेच राहिलो. "काय झालं?" त्यांनी विचारलं. त्यांनीच शिकवलेलं त्यांना कसं सांगावं मला कळेना. मी म्हणाले, मला शिकायचंय, मी घालते. त्यांनी बाटली दिली आणि मी ती त्यांच्यासमोर फक्त दस्त्याच्या लाकडावर पुसली. ते समाधानाने पाहत होते.

वंदनाला मी कळवलं. ती आली, त्यांना यवतमाळच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. तिची आई हयात नव्हती, सर घरी एकटेच, गॅस दोनदा उघडा राहिला, म्हणून तिने त्यांना ढाणकीला न्यायचं ठरवलं. गोदामाची किल्ली आणि दोन बंदुका तिने माझ्या आणि तलाठ्यांच्या हवाली केल्या. त्यांना निरोप द्यायला कुणी जमलं नाही, कारण आपण कायमचे चाललोय हे त्यांना सांगायचं नाही, असं ठरलं होतं.

ज्या दिवशी ते ढाणकीला निघाले त्या दिवशी पुसदच्या गाडीवर माझीच ड्यूटी निघाली. वंदनाने मला पाहून मान हलवली. सरांनी मला खाकी गणवेशात कधी पाहिलं नव्हतं. मी जवळ गेले तेव्हा ते अदबीने सरकून म्हणाले, "बसा बाई, जागा हाय." त्यामुळे त्यांनी मला ओळखलं नाही ते गणवेशामुळे की कशामुळे, हे मला तेव्हाही कळलं नाही. गर्दी उतरल्यावर मी त्यांच्या शेजारी बसले. थोड्या वेळाने ते आपणहून बोलायला लागले.

"माह्याकडं एक बाई येते शिकाले. तुमच्यासारखीच एसटीत हाय. तिचा नेम कसा लागते, मले आजलोक समजलं नाई."

वंदना पलीकडून म्हणायला लागली, "बाबा, ह्याच तं..." मी तिला हाताने थांबवलं.

"तिचं सारं अंग हलते," सर म्हणाले. "पाय हलते, कंबर हलते. बंदूक तेवढी हलत नाई. म्या लई लोकं पाह्यले, पण असं नाई पाह्यलं. दर रविवारी तिले वेगळं सांगून पाह्यलं. इथं हात ठेव, तिथं ठेव. कशानं बिघडते ते तरी समजन म्हणलं. एक खेप बिघडलं, माह्यामुळंच. तं तिनं मले न इचारता सुधरवून टाकलं."

मी विचारलं, हे तुम्ही तिला सांगितलं का? ते म्हणाले, कायले सांगू, मास्तरलाच समजत नाही म्हटल्यावर ती भ्याली असती. मग त्यांनी माझ्या मनगटाला हात लावला. "तुम्ही एसटीत हा. भेटली तं तिले सांगजा. म्हणा, आता कोणाले इचारत बसू नको."

"सांगते," मी म्हणाले. पुढे थांबा आला आणि मला उठावं लागलं. पुसदला वंदनाने त्यांना हात देऊन उतरवलं. ढाणकीकडे नेणारी उमरखेडची गाडी लागलेलीच होती. मी गाडीच्या नोंदी करायला कंट्रोलरच्या खिडकीशी गेले आणि परत आले तेव्हा ती सुटली होती.

ते सगळं खरं होतं का, हे मी अजून ठरवू शकलेले नाही. सुरुवातीपासून ते मला चाचपून पाहत होते? की आठवणीत पडलेली भोकं त्यांनी एका चांगल्या गोष्टीने बुजवली? स्पर्धेचा दिवस त्यांना आठवत होता, म्हणजे दारव्ह्याला ते विसरले होते आणि पुसदच्या रस्त्यावर त्यांना आठवलं होतं. असं होतं का? मी डॉक्टरांना विचारणार होते. नाही विचारलं.

दिवाळीनंतर वंदनाचा फोन आला. सकाळी चहा घेऊन ते खुर्चीत बसले आणि तसेच गेले. मी आणि तलाठी ढाणकीला जाऊन आलो. वंदनाने आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. तिच्या मुलांनी सांगितलं, की आजोबा दारावर येणाऱ्या कुणालाही हात कुठे ठेवायचा ते शिकवायचे, दूधवाल्याला सुद्धा.

त्यानंतर महिनाभराने यवतमाळच्या स्टँडवर मी गाडी सुटण्याची वाट पाहत उभी होते. उमरखेड डेपोचा एक वाहक, माझ्या ओळखीचा नसलेला, आमच्या गाडीच्या पाटीवर दिग्रस वाचून थांबला. म्हणाला, "मॅडम, तुमच्या डेपोत बंदूक चालवणारी कोणी बाई हाय का? पावसाळ्यात एक म्हातारबाबा बसले होते माझ्या गाडीत, ढाणकीचे. त्यांनी तिच्यासाठी एक निरोप देल्ला होता. दिग्रसचं कोणी भेटलं का मी इचारतो, पण कोणाले माहीत नाही."

मी म्हणाले, "मीच."

त्याला बरं वाटलं. त्याने पुसदच्या गाडीतला तोच निरोप जसाच्या तसा सांगितला, एक शब्द इकडचा तिकडे नाही, आणि मग विचारलं, म्हणजे काय हो? मी म्हणाले, मलाही नीट माहीत नाही. त्याच्या गाडीच्या ड्रायव्हरने हॉर्न दिला. तो दोन पावलं गेला आणि वळून म्हणाला, "बाबा असतात कधी कधी माझ्या गाडीले. भेटले तं काय सांगू?"

ते गेले, असं सांगायला मी तोंड उघडलं होतं.

"भेटले तर सांगा," मी म्हणाले, "निरोप पोचला."